लाल धाग्याच्या बिया

शुक्रवारी दुपारी आसावरी शाळेचा प्रोजेक्ट घेऊन माझ्याजवळ आली. विषय होता अपाची स्काउट, म्हणजे अमेरिकी सैन्यासाठी माग काढणारे तिथलेच आदिवासी. मी जेवणाच्या टेबलावर टॉवेल चुरगाळून डोंगर केले आणि वर खजुराच्या बिया मांडल्या. नाशिकच्या शाळेत चौथीला प्रतापगड मी असाच शिकवायचे.

"या डोंगरात लपलेल्या अपाचींच्या. आणि लाल धागा बांधलेल्या कुणाच्या?"

"स्काउट्स! तेपण अपाचीच, आजी, पण आर्मीच्या साइडला."

"बरोबर. आपल्याच लोकांचा माग काढायचा. सैनिकांना ओळखू यावेत म्हणून डोक्याला लाल फडकं."

सोफ्यावर माझा मुलगा गुरुप्रसाद फोन पालथा ठेवून बसला होता. सकाळीच त्यानं सांगितलं होतं : कंपनीचं इथलं काम बंद होतंय. उद्या कामगारांच्या कॅम्पवर जाऊन त्यानं रत्नागिरीच्या फिटरांना तीन महिन्यांच्या रजेवर मायदेशी जायला राजी करायचं. परत कुणालाच बोलावणार नाहीत. 'तुझं ऐकतात ते, एवढं केलंस तर तुझी नोकरी राहील,' असं साहेब म्हणाला होता. मी चहाचं भांडं ओट्यावर आपटलं होतं.

"सैन्याला ते शेवटचे अपाची सापडेनात," मी पुढं सांगू लागले. "मग दोन स्काउट वर गेले. त्यांच्याच भाषेत म्हणाले, खाली या, घरच्यांची भेट होईल."

आसावरीनं बिया खाली ओढल्या.

"आणि मग सगळ्यांना आगगाडीत भरून दूर फ्लोरिडाला नेलं. कैदी म्हणून." मी टिश्यूचा रिकामा डबा पुढं केला.

तिनं साध्या बिया भरल्या. लाल बाजूला ठेवल्या.

"त्यापण घाल."

"व्हॉट? त्यांनी तर हेल्प केली!"

"हो. तरी घाल."

"दॅट्स नॉट फेअर!" तिनं लाल बिया मुठीत गच्च धरल्या.

"खलास! पुरे आता!" गुरुप्रसाद ओरडला. "आई, मुद्दाम चाललंय ना हे?"

"मुद्दामच. तू कोविडमध्ये आजारी पडलास तेव्हा दाराशी जेवणाचा डबा कोण ठेवून जायचं? त्याच फिटरांमधला जाफर. त्याच्या तोंडावर खोटं बोलणारेस?"

"मग आसावरीच्या शाळेची फी कोण भरणार? तू?"

तेवढ्यात फोन वाजला. जाफरच होता. आवाज आम्हालाही ऐकू येत होता.

"गुरुभाऊ, रजेचं काय खरं? पोरं घाबरलीत. तुम्ही म्हणाल तर जातो आम्ही."

गुरुप्रसादनं आसावरीच्या मुठीकडे पाहिलं.

"जाऊ नका," तो म्हणाला. "कुणी परत बोलावणार नाही. काम संपलं म्हणून लेखी मागा, हक्काचे पैसे मागा. तोवर कुणीही हो म्हणू नका."

"आणि तुमचं काय, गुरुभाऊ?"

त्यानं फोन बंद करून सोफ्यावर फेकला. "झालं समाधान, आई?"

"कसलं समाधान?" मी म्हटलं. राग आता त्याच्यावर नव्हता, आणि ज्या साहेबावर होता तो काही आमच्या घरात बसलेला नव्हता.

गुरुप्रसाद टेबलापाशी आला. त्यानं आसावरीची मूठ उघडली, लाल बिया घेतल्या आणि डब्यात अशा आपटल्या की डबा कलंडला.

"लिही," तो तिला म्हणाला. "यांनापण नेलं, असं लिही."