शालीकरामची उजवी बाजू

बावीस वर्षं झाली, मेडिकल कॉलेजच्या डिसेक्शन हॉलमध्ये मी मुडदे सांभाळून राहिलो. नवे पोट्टे चक्कर येऊन पडतात अन् मी बाजूच्या खोलीत आरामात भाकर खातो. मले सगळं समजते, असा माझा तोरा होता.

शालीकराम गोरेगावचा, माझा जुना दोस्त. त्यानं देहदान केलं होतं, मेल्यावर आमच्याच टेबलावर आला. शिकवणाऱ्या मॅडमनं त्याच्या जांघेत पोट्ट्याइले दाखवलं, हाडावरून रक्ताची जाड नस आडवी गेली होती.

"सगळ्यांची एवढी जाड नसते. याचीही एकाच बाजूला आहे. हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये ही तुटली तर टोक आत सरकतं, रक्त आवरत नाही," मॅडम म्हणाल्या.

मी टेबलाच्या पायथ्याशी, शालीकरामच्या पायांकडं उभा राहून नीट पाहून घेतलं.

पुढच्याच महिन्यात शालीकरामच्या पोराले, बुद्धभूषणले, दोन्ही बाजूंचा हर्निया निघाला. राइस मिलमध्ये पोती उचलत होता. मले राहवलं नाही. तडक त्याच्या सर्जनकडे गेलो.

"साहेब, याच्या बापाले जाड नस होती."

"बापाला होती म्हणून पोराला असेलच असं नाही, केवलराम. पण जपतो. कोणत्या बाजूला होती?"

"उजव्या," मी ठासून सांगितलं.

डॉक्टर भला माणूस. उजवी बाजू दीड तास जपून केली. तिथं काही नव्हतं. मग निर्धास्त होऊन डावी घेतली. बुद्धभूषण टेबलावरच गेला.

"डावीकडे होती रे," बाहेर येऊन डॉक्टर एवढंच बोलला.

मी धावत हॉलमध्ये गेलो. शालीकराम तिथंच होता. नेहमीसारखा पायथ्याशी उभा राहिलो. नस माझ्या उजव्या हाताले. म्हणजे शालीकरामच्या डाव्या. अरे गाढवा! बाजू मुडद्याची धराची, आपली नाही, हे पोट्ट्याइले पहिल्याच दिवशी शिकवतात. तवा मी झाडू मारून राहिलो होतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. इथं बैल नाही, शालीकरामचा पोरगा गेला.

मातीले गोरेगावले गेलो. बुद्धभूषणची बायको नीतू हात जोडून म्हणाली, "काका, तुमी सांगतलं म्हणून डॉक्टरनं तेवढं तरी जपलं. एवढं कोन करते?"

मी तिचे जोडलेले हात खाली केले.

"बाबा तुमच्यापाशीच आहेत ना?" ती म्हणाली. "त्याइले सांगून द्या, भूषण गेला म्हणून."

रोज सांगावं म्हणतो. पण आता त्या टेबलाच्या पायथ्याशी मले उभं राहवत नाही.