‘खाली’ म्हणजे काय

नोकरी टिकवायला कल्याणरामाला एक सकाळ मिळाली होती. तंजावूरच्या त्या खासगी इंजिनिअरिंग कॉलेजचं नेटवर्क चौदा वर्षं त्याने पोटच्या पोरासारखं सांभाळलं, पण एक तारखेपासून ते काम चेन्नईच्या कंपनीला द्यायचं मॅनेजमेंटच्या मनात होतं. कॉलेजचे कर्तेधर्ते सूर्यनारायण एवढंच म्हणाले होते, "नवा सेन्सर अकराच्या आत बसवून दाखवा, मग बघू." अकराला एक मोठी कंपनी नोकरभरतीची ऑनलाइन परीक्षा घेणार होती. घुसखोरी अडवणारा सेन्सर नसेल तर परीक्षा नाही, ही तिची अट. दोन हजार पाच साल होतं. कंपन्या अटी घालत आणि कॉलेजं मान डोलावत.

सेन्सर म्हणजे दारावरचा शिपाई. इंटरनेट एका पोर्टातून शिरायचं, तपासलं जायचं आणि जोडीच्या पोर्टातून कॉलेजात जायचं. मागे चार पोर्ट, वर दोन, खाली दोन. कल्याणरामाने डावीकडच्या वरच्या-खालच्याची जोडी लावली होती. काही बिघडलं तर सगळं न तपासता जाऊ देण्याची सोयही त्याने बंद ठेवली होती, कारण तीसुद्धा अटच.

तो रॅकच्या पुढे स्क्रीनपाशी आणि भुवना मागे वायरींपाशी. भुवना राजवाड्यामागच्या त्याच्याच मराठी गल्लीतली. सहा महिन्यांपूर्वी त्यानेच तिला इथे लावून दिलं होतं. चेन्नई कंपनीचे दोघे दारात उभे होते, मदतीला नव्हे, चुका टिपायला. त्यांना कळू नये म्हणून कल्याणराम मराठीत बोलला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"वरची आहे तशी राहो, भुवना. कॉलेजची वायर खाली घाल."

"सरि, मामा. घातली," तिने तमिळमध्ये होकार दिला.

अकरा वाजले. एकशेवीस मुलांपैकी एकाच्याही स्क्रीनवर प्रश्न आला नाही.

कल्याणरामाने जोडी तपासली, मोडली, पुन्हा लावली. दोन्ही पोर्ट चालू दिसत होते. खालच्या दोन्ही पोर्टांत आदल्या दिवशीच्या चाचणीच्या वायरी त्याच्याच हातून राहिल्या होत्या, आणि पोर्ट चालू दिसत होतं ते त्यांच्यामुळे. हे त्याच्या ध्यानात आलं नाही. मागे जाऊन बघावं, असंही वाटलं नाही. आपल्या गल्लीतल्या पोरीवर काय संशय घ्यायचा? अर्ध्या तासाने चेन्नईवाला मागे डोकावला आणि हसला. कॉलेजची वायर वरच्या उजव्या पोर्टात होती. तोवर परीक्षेला बसायची मुदत संपली होती.

भुवना घरात मराठी ऐकायची आणि तमिळ बोलायची. तमिळमध्ये 'काली' म्हणजे रिकामं. रिकामं पोर्ट एकच होतं, तिने त्यात वायर घातली. तिचं काही चुकलं नव्हतं, आणि कल्याणरामाला तेच जास्त लागलं.

सूर्यनारायणांनी दोघांना खोलीत बोलावलं. "तुम्ही हिला नेमकं काय सांगितलंत?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

तंजावुरात इतक्या पिढ्या काढल्यावर कल्याणरामाच्या तोंडचा ख घासून घासून क झाला होता. "काली म्हणालो, सर."

"मग तिने कालीतच घातली. बरोबर केलं."

"आमच्या भाषेत काली म्हणजे खालचं, सर."

"तुमच्या भाषेत," सूर्यनारायण शांतपणे म्हणाले. "कॉलेज तुमच्या भाषेत चालतं का?"

कल्याणरामाने भुवनाकडे पाहिलं. 'आमच्या घरीही तसंच म्हणतात,' एवढं एक वाक्य पुरलं असतं. तिला ते येत होतं, तमिळमध्येही येत होतं. पण चेन्नईची कंपनी आपल्याला ठेवणार असल्याचं सकाळीच तिच्या कानावर आलं होतं. ती जमिनीकडे बघत राहिली. त्याला तिचा राग आला नाही. पोरीला या जागी आपणच आणून उभं केलं, या लाजेने मात्र त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी त्याने किल्ल्या चेन्नईवाल्यांना दिल्या. भुवना दारापर्यंत आली.

"येतो गे, भुवना."

"पोयिट्टु वांग, सर," ती म्हणाली. जाऊन या. मामा म्हणणं तिने सोडलं होतं.