सोनियाच्या टक्क्यांचा रकाना

मी एक रकाना बोलतोय. वहीतला नव्हे, कॉम्प्युटरवरचा. माझ्या डोक्यावर ‘टक्के’ असं लिहिलेलं आहे आणि माझं सगळं आयुष्य खरवईच्या एका घरात, एका लहान मुलीच्या वजनापायी गेलं. हसू नका. फार सुखाचं आयुष्य होतं ते.

माझा जन्म २००७ च्या फेब्रुवारीतला. भावना तेव्हा बदलापूरला कॉम्प्युटरच्या क्लासला जायची. घरी उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातून आणलेला जुना कॉम्प्युटर होता. तो सुरू होईपर्यंत चहा उकळून व्हायचा. भावनाची भाची सोनिया आठव्या महिन्यातच जन्मलेली, अगदी काडी. तिची आई माया अंबरनाथला एका कंपनीत पॅकिंगला होती. नुकतीच ती तिथे दहा बायकांची प्रमुख झाली होती आणि त्या कामावर तिचा भारी जीव होता. तरी रजा संपवून कामावर जाताना तिने घरात बजावलं होतं, “सोनीचं वजन एकदा जरी उतरलं ना, मी काम सोडणार.”

दर महिन्याला अंगणवाडीत विठाताई सोनियाला झोळीच्या काट्यावर तोलायच्या. पण घरात तो आकडा उच्चारायची सोय नव्हती. आजी, म्हणजे चांगुणाबाई, लगेच डोळे वटारायच्या.

“पोरीचा वजन तोंडाने बोलायचा नाय. नजर लागते.”

“मग मायावहिनीला कळणार कसं?” भावना म्हणाली. “टक्के सांगितले तर चालतील?”

चांगुणाबाईंनी विचार केला. “टक्क्याला नजर लागल्याचा मी कधी ऐकला नाय. सांग.”

झालं, भावनाने वजनाचा रकाना झाकून टाकला आणि शेजारी मला बसवलं. माझं काम सोपं. या महिन्याच्या वजनातून मागच्या महिन्याचं वजा करायचं आणि उरेल त्याला मागच्याच वजनाने भागायचं. जानेवारीचं माझं घर, म्हणजे माझा चौकोन, रिकामं, कारण त्याच्या मागे महिनाच नव्हता. फेब्रुवारीत मी मोठ्या ऐटीत ०.०८ म्हणालो.

“शून्य? माझी नात शून्य?” चांगुणाबाई कडाडल्या.

भावनाने घाईघाईने टक्क्याचं बटण दाबलं. मी झालो ८.०%, आणि घरात गूळखोबरं वाटलं गेलं! मार्चला मी ५.६ म्हणालो, तेव्हा म्हातारीने पुन्हा कपाळावर हात मारला. मुलगी वाढलीच आहे, फक्त जरा सावकाश, हे पटवताना भावनाच्या नाकी नऊ आले. एप्रिलला मी ७.० दाखवले. तेव्हा मला वाटलं, माझ्यासारखा गुणी रकाना पंचक्रोशीत नसेल.

मे महिन्यात मी लाल झालो. उणे १.६.

मायाने तो आकडा पाहिला. सोनियाला मांडीवर घेऊन तिने राजीनामा लिहायला घेतला. मला फार वाईट वाटलं. मी खोटं बोलत नव्हतो, पण खरं बोलतोय असंही वाटेना. समोर पोरगी तर पाय झाडत खिदळत होती.

भावनाला राहवेना. तिने झाकलेला रकाना उघडला. एप्रिल ६.१, मे ६.०. “आई, एप्रिलला तोलताना वेगळं काय होतं?”

“काय असणार? चार बायकांत उघड्या पायांनी नेऊ काय? माझ्या आईचे चांदीचे वाळे घातले, कमरेला साखळी घातली. पाय काचले म्हणून मे महिन्याला काढून ठेवली.”

माया उठली. वाळे आणि साखळी पदरात घेऊन ती तडक वाण्याच्या काट्यावर गेली. येताना ती जवळजवळ पळतच आली. “दोनशे ग्रॅम! भावना, दोनशे ग्रॅम चांदी तोलली आपण!”

भावनाने एप्रिलचे ६.१ पुसून ५.९ लिहिले. मी आपोआप बदललो. एप्रिल ३.५, मे १.७. लाली गेली. मायाने राजीनामा फाडला आणि सोनियाच्या पोटावर तोंड ठेवून तिला इतकं हसवलं की पोरीला उचकी लागली. सोमवारी सकाळी माया डबा घेऊन कामावर गेली.

पुढे माझे आकडे बारीक होत गेले. दोन टक्के, एक, अर्धा. सोनिया गुटगुटीत झाली होती, त्यामुळे कुणी घाबरत नव्हतं. २००९ च्या जूनमध्ये सोनिया काट्याला लटकायलाच तयार होईना. विठाताईंच्या हातून निसटून ती अंगणभर कोंबड्यांमागे धावत सुटली. वजनाची जागा कोरीच राहिली, पण भावनाने सवयीने माझं हिशेबाचं सूत्र जूनच्या घरापर्यंत ओढलं.

मला कोरं म्हणजे शून्य. मी हिशेब केला आणि लालभडक होऊन सांगितलं, उणे शंभर टक्के.

मायाने ते वाचलं, खिडकीतून घरच्या अंगणात अजून कोंबड्यांमागे धावणाऱ्या सोनियाकडे पाहिलं आणि पोट धरून हसत सुटली. “आई, बघा, तुमची नात शंभर टक्के गायब!”

त्यानंतर ही फाइल कुणी उघडलेली नाही. तुम्ही उघडलीत, तर माझं हे शेवटचं घर दुरुस्त करू नका. एवढी मोठी चूक मी आयुष्यात एकदाच केली, आणि तिच्यावर सगळं घर हसलं.