भोंग्यावरचा नियम

ग्रामपंचायतीचा भोंगा ओरडला, "पोरं पळवनारा गावात आला हो! ग्रुपवरचा व्हिडिओ पाहा!" आणि चौकातली माणसं कलीमवर तुटून पडली.

कलीम जानेफळचा, गाद्या भरून देणारा. एक पोरगं कापूस पाहत त्याच्या सायकलीपाशी उभं होतं, एवढाच त्याचा गुन्हा.

धम्मशीला धावत आली तेव्हा त्याच्याच कापूस झोडायच्या काठीनं कुणी त्याला झोडपत होतं. दात तुटले होते. रक्तानं भिजलेल्या कापसाचे गोळे पायांखाली तुडवले जात होते. "मी गादीवाला आहो, भाऊ," तो सांगत होता. दर शब्दाला लाथ बसत होती.

तिनं फोनवर पाहिलं. लाल फ्रॉकची मुलगी, पांढऱ्या गाडीत ओढली जाणारी. गावी परतण्याआधी हैदराबादच्या नोकरीत तिचं कामच होतं ते: लोकांनी टाकलेले व्हिडिओ पाहायचे आणि खोटे, जीवावर उठणारे काढून टाकायचे. दुसऱ्याच मुलखातला हा जुना व्हिडिओ तिनं कितीदा तरी काढला होता. म्हणूनच कालच्या ग्रामसभेत तिनं नियम मांडला होता: फोनवरची खबर पडताळल्याशिवाय भोंग्यावर सांगायची नाही, मोडेल त्याला माईक बंद.

"आमच्या भोंग्याले तुह्या कंपनीचा कायदा कायले वं?" सरपंच किसनराव हसले होते. सभाही हसली होती.

"व्हिडिओ खोटा आहे! सोडा त्याले!" ती किंचाळली.

"हट वं! तूबी त्याच्यातलीच दिसतं!" एक कोपर तिच्या ओठावर बसलं.

खवळलेली गर्दी खरं ऐकत नाही, हे तिला नोकरीनं शिकवलं होतं. गर्दीचं लक्ष दुसरीकडे ओढावं लागतं. गर्दीतल्या रवीनं मोठा दगड डोक्यावर उचलला, तशी ती ग्रामपंचायतीत शिरली. शिपाई गोविंदा माईकपाशी बसला होता.

"अजून एकदा सांगू का, ताई?"

तिनं माईक हिसकावला.

"नळ आले हो! लवकर भरा, आत्ताच बंद होतीन!"

पंधरवड्यापासून गावाचे नळ कोरडे होते. रवीचा दगड बाजूला पडला. "मोटार लाव बे, पयले!" कुणी ओरडलं, आणि माणसं घराकडे पळाली. कलीम एकटा उरला. उजवा हात कोपरातून उलटा वळलेला. गोविंदानं तो हात पाहिला आणि त्याच्या काखेत खांदा दिला. दोघांनी त्याला ओढत आत नेलं, कडी लावली, पोलिसांना फोन केला. कोरड्या नळांवरून परतलेल्या लोकांनी गाडी येईपर्यंत त्या दारावर दगड घातले.

पुढच्या ग्रामसभेत किसनराव हसले नाहीत. कलीम जगला होता, पण तो हात आता कापूस पिंजणार नव्हता.

"नियम मंजूर," ते म्हणाले. "पन बाई, ते नळबी खोटेच होते ना?"

"हो, काका. नियम मोडनाऱ्यात पयलं नाव माह्यं लिहा. मले माईक बंद."

"अन् दुसरं?"

गोविंदा उभा राहिला. "माह्यं. पयली खबर भोंग्यावर मीच सांगितली."

"अन् मारनाऱ्यायचं?" किसनरावांनी विचारलं. रवी चपलेनं माती उकरत होता. तिसरं नाव कुणी सांगितलं नाही.