सोडवायला गेला आणि गुंतला

पेशवाईतली गोष्ट. बिबवेवाडीचा गेनबा माळी वांग्यांची पाटी घेऊन पुण्याच्या बाजाराला निघाला होता. कसबा पेठेतल्या एका अरुंद बोळात दोन सरदारांच्या पालख्या समोरासमोर आल्या. आधी मागे कोणी सरायचं, यावरून भोयांची जुंपली. एक जण बेशुद्ध पडला. दुसऱ्याच्या डोक्यावर काठी उगारलेली पाहून गेनबाने पाटी टाकली, मध्ये शिरला आणि ती काठी हिसकावून घेतली. तेवढ्यात शिपाई आले. बाकीचे भोई पालख्या उचलून पसार झाले. काठीसकट सापडला तो गेनबा.

चावडीवर कारकून दिगंबरपंत जबानी लिहायला बसले.

"काय झालं?"

"म्या भांडणात पडलो, पंत."

पंतांनी लिहिलं नाही. "असं लिहिलं तर तू मारामारी केलीस असा अर्थ होईल. बेडी पडेल. पडलास की सापडलास?"

सापडलो म्हणावं तर सुटका होती. तरी गेनबा म्हणाला, "माझ्या पायानंच गेलो, पंत. खोटं कशाला बोलू? पर सोडवाया गेलो."

"मग तसं सांग ना!" पंतांनी लिहिलं, 'सोडवायला गेला आणि गुंतला.' "कुणी पाहिलं?"

"मी!" त्याच बोळात फुलं विकणारी मथुराबाई दारात उभी होती. ती आपणहून आली होती.

शिपाई म्हणाला, "बाई, मोठ्यांची माणसं आहेत. भानगडीत पडू नका."

"पडते. पंत, माझं 'पडली' असंच लिहा."

संध्याकाळपर्यंत जखमी भोई शुद्धीवर आला. आपल्याला मारणारा समोरचा भोई होता, हा माळी नव्हे, असं त्यानेही सांगितलं आणि गेनबा सुटला.

दुसऱ्या दिवशी तो कोवळ्या वांग्यांची पाटी घेऊन पंतांच्या दारी गेला.

पंतांनी पाटीला हातही लावला नाही. "मला गोत्यात आणायचा विचार आहे का? कारकुनाने भेट घेतली म्हणजे जबानी विकली म्हणतील. जा." पण दार लावताना ते हसले.

गेनबा मग मथुराबाईकडे गेला. तिने पाटी आधी उतरवून घेतली, मग विचारलं, "कशाबद्दल?"

गेनबाचे डोळे भरून आले.

"बरं बरं," ती म्हणाली, "बस. भरली वांगी करते. जेवून जा."