दाराबाहेरची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे आणि माझा एक पाय जन्मापासून आखूड आहे. ज्या सुताराने मला घडवलं, त्याला घरी जायची घाई होती. "सरकवेल कुणीतरी खाली पुठ्ठा," असं म्हणून त्याने मला गाडीत चढवलं. तो पुठ्ठा आजवर आलेला नाही. माझ्यावरून साधी पिशवी उचलली तरी मी डुगडुगते आणि माझी पाठ मागच्या भिंतीवर आपटते. टक्!

मुलींच्या या भाड्याच्या घरात सुरुवातीला माझी मोठी ऐट होती. माझ्यावर बसून त्यांनी रात्ररात्र अभ्यास केला, माझ्यावर उभं राहून दिवे बदलले. मग चाकांच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी घरातल्या बोळात झाली. ओल्या छत्र्यांखेरीज माझ्याकडे कुणी फिरकेना.

कोपऱ्यातल्या खोलीत राहायची ती सगळ्यांत लहान, म्हणून सगळ्या तिला धाकटी म्हणत. जेवणाच्या नावाने बोंब, पण संत्रं दिसलं की झडप घालायची आणि सालं खुशाल माझ्यावर टाकायची. एका सकाळी तिच्या अंगावर फोड उठले. कांजिण्या! बाकीच्या तिघींनी आपापल्या आईला फोन करून विचारलं. लहानपणी एकीलाही येऊन गेल्या नव्हत्या. धाकटीच्या आईला धावत यायचं होतं, पण घरात सून गरोदर, तिला लागण व्हायला नको. म्हणून आईने घरीच थांबायचं ठरलं.

सगळी व्यवस्था त्या तिघींतल्या वकीलबाईने लावली. ती शिकत होती रसायनशास्त्र, पण वादात कुणाला हार जायची नाही म्हणून हे नाव. तिने मला पुसून धाकटीच्या दाराशेजारी, भिंतीला टेकवून ठेवलं. माझ्यावर ताट ठेवायचं, दार वाजवायचं आणि स्वयंपाकघरात निघून जायचं. धाकटी दार उघडून ताट उचलायची, मी डुगडुगायचे, टक्! मग आतून आवाज यायचा, "घेतलं गं!" जेवून रिकामं ताट माझ्यावर परत ठेवलं की पुन्हा टक्! पुन्हा कामाला आले म्हणून मी हरखून गेले होते.

फोड घशात उतरले, तेव्हा तिला बोलणं जड जाऊ लागलं. वकीलबाई बोळाच्या टोकावरून मायेने म्हणाली, "तू बोलू नकोस हं. टक् वाजलं की आम्हाला कळतं."

मित्रांनो, हे वाक्य मला अजून झोपू देत नाही.

डॉक्टरांनी हवा खेळती ठेवायला सांगितलं, म्हणून बोळातली खिडकी उघडी असायची. तिच्यातून शेजारचा बोका आला. दार वाजलं, पण उघडलं नाही. बोक्याने माझ्यावर उडी मारली. टक्! दुधात कुस्करलेला पाव त्याने चाटूनपुसून साफ केला आणि खाली उतरताना पुन्हा मला डुगडुगवलं. टक्! स्वयंपाकघरात कुणीतरी म्हणालं, "ताट ठेवलंसुद्धा बघ. आज भूक लागलेली दिसतेय."

पुढचं ताटही तसंच गेलं. त्याच्या पुढचंही. दाराआडून खोकला ऐकू यायचा, तोही क्षीण होत गेला. फोनवर ती "बरी आहे" असं लिहायची, ते थांबलं. झोपली असेल, उठवू नका, असं ठरलं. वकीलबाई तिच्या आईला रोज कळवायची, "काकू, बिलकूल काळजी करू नका. ताट लख्ख करते!" मी चार पायांवर उभी राहून हे ऐकत होते. मला तोंड असतं तर!

मग एका दुपारी वकीलबाईने ताटात मुद्दाम सोललेलं संत्रं ठेवलं. ताट न्यायला आली तेव्हा दूधपाव फस्त झाला होता. संत्र्याला कुणी शिवलंही नव्हतं.

"संत्रं सोडलं? हिनं?"

 लागणीची भीती, नियम, सगळं विसरून तिने दार ढकललं. त्यानंतर तिने मारलेली हाक मी जन्मात विसरणार नाही.

कांजिण्या छातीत उतरल्या होत्या. धाकटीला दवाखान्यात नेलं. ती परत आली नाही.

तिचं सामान न्यायला आई आली. चालून दमली होती, म्हणून माझ्यावर टेकली. वकीलबाईचा हात हातात घेऊन म्हणाली, "तू रोज सांगायचीस म्हणून बरं वाटतं गं. माझं लेकरू उपाशी तर नाही ना गेलं."

वादात कधी न हरणारी ती मुलगी खाली बघत म्हणाली, "नाही काकू. पोटभर जेवायची."

आई उठली. टक्! वकीलबाईने दोन्ही हातांनी कान झाकून घेतले.

ती खोली आता बंद असते. बोका अजून येतो, माझ्यावर चढतो. टक् वाजलं की वकीलबाई स्वयंपाकघरातून बाहेर येते आणि त्या दाराकडे बघत राहते.

मित्रांनो, आजाऱ्याला वेगळं ठेवावं लागलं तर जरूर ठेवा. पण दार वाजवल्यावर तिथून हलू नका. आतून आवाज येईपर्यंत थांबा, आणि आला नाही तर आत जा. आणि जमलं तर माझ्या पायाखाली एक पुठ्ठा सरकवा. मला आता वाजायचं नाही.