मोहाला लावलेली तीट

पानगळ संपता संपता सुमेधाने शेतामागच्या सालईच्या झाडाचा फोटो काढला आणि सालई फोटोत निघून गेली. जमिनीत साधा खड्डाही उरला नाही. आभाळात मात्र तिच्या फांद्याफांद्यांच्या आकाराची भेग राहिली आणि तिच्यातून गार वारा येऊ लागला.

सासूबाई अंगणात तूर पाखडत होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलं.

“तीट लावली होती का वं?”

“झाडाला कोण तीट लावतं, आई?”

“फोटो काढतानी लावाच लागते. लेकराले बरी आठवणीनं लावतं.”

ते खरंच होतं. दहा महिन्यांच्या मुक्ताचा एकही फोटो सुमेधाने गालावर काजळाचं बोट टेकवल्याशिवाय काढला नव्हता.

मग ती काजळाची डबी घेऊनच हिंडू लागली. धावडा, मोई, साग. आधी खोडाला तीट, मग फोटो. झाडं जागच्या जागी राहिली. मोहाच्या झाडाला बांधलेल्या झोळीत मुक्ता झोपे, ती घटका काय ती सुमेधाची. त्यात एक बोडकं झाड आणि त्याच्यामागचं आभाळ. तेवढं पुरे होई.

त्या दुपारी सासूबाईंनी मुक्ताला न्हाऊ घालून झोळीत निजवलं. “तीट तेवढी लावजो,” म्हणत त्या शेतात गेल्या.

डबीत एकाच बोटाचं काजळ उरलं होतं. सुमेधाने वर पाहिलं. मोहाची शेवटची पानं सकाळीच गळली होती. एकेक फांदी आभाळावर सुईनं काढल्यासारखी दिसत होती. फोटो तर झाडाचा काढायचाय, तिनं मनाशी म्हटलं, आणि बोट खोडाला टेकवलं. कळ दाबली.

मोह जागेवरच राहिला.

झोळी हलत होती. तिच्यातून गार वारा येत होता. आत मुक्ताच्या आकाराची भेग होती, पोटाशी घेतलेल्या गुडघ्यांसकट.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर मुक्ता झोळीत होती. तिचे डोळे किलकिले झाले, ओठ रडायला मुडपले.

सुमेधाने झोळीला झोका दिला. फोटोतली झोळी हलली. मुक्ताचे डोळे मिटले.

“निजली का वं?” संध्याकाळी सासूबाईंनी बांधावरूनच विचारलं.

“हो. हळू बोला.”

तिनं हात थांबवला नाही. मोहाला तांबूस पालवी फुटली, तरी झोका चालूच होता. फोटोतल्या मोहाला अजून एकही पान नव्हतं, आणि मुक्ताच्या तोंडावर ऊन येत होतं.